मी न वाचलेली ओळ

शनिवारची सकाळची शाळा सुटली होती. स्टाफरूममध्ये चहा आणि आलुबोंडे आले होते, कारण संस्थेचे अध्यक्ष आले होते. सगळे त्यांना बाबूजी म्हणायचे. जुनं मालगुजार घराणं. गावचा तलाव त्यांच्या आजोबांनी बांधलेला, शाळा वडिलांनी काढलेली, आणि आम्ही सगळे त्यांनी नोकरीला लावलेले. ते हेडमास्तरांच्या खुर्चीत बसले होते. हेडमास्तर उभे होते. बाबूजींच्या हातात माझा कागद होता.

शिक्षणसेवक म्हणून माझं तिसरं आणि शेवटचं वर्ष चालू होतं. तीन वर्षं झाली की संस्थेनं शिक्षणाधिकाऱ्यांकडे प्रस्ताव पाठवायचा, मग माणूस कायम होतो. नाही पाठवला तर घरी जातो. त्या प्रस्तावासाठी मी माहितीचा फॉर्म भरून दिला होता. त्यात धर्माचा रकाना होता. मी लिहिलं होतं, ज्यू.

"हे काय होय, मॅडम?" बाबूजींनी विचारलं.

मी सांगितलं. ते म्हणाले, म्हणजे ख्रिश्चनच ना. मी म्हटलं, नाही जी. मग मुसलमान? नाही जी. इतिहासाचे सर बोंडा खात होते. त्यांनी घास गिळला आणि बाबूजींना समजावलं की जर्मनीत लाखांनी मारले ते हेच लोक. समजावताना बोट माझ्याकडे केलं.

बाबूजींनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. बैलबाजारात दात बघायच्या आधी पाहतात तसं. मग म्हणाले,

"असं होय. मंग काईतरी केलंच असन तुमच्या लोकायनं. उगाच कोणी कोणाले मारत नाही."

स्टाफरूम हसली. कुणी चहाचा कप खाली ठेवून हसलं, कुणी तोंडावर हात धरून.

मीही हसले.

हे आधीच सांगून टाकते. पुढचं ऐकून कुणी मला शूर समजायला नको. मी हसले, "बाबूजी पण ना" असं काहीतरी म्हणाले, आणि बशीतला अर्धा बोंडा संपवला. 

आम्ही बेने इस्रायली. मूळचे कोकणातले. पणजोबांचा तेलाचा घाणा होता आणि तो शनिवारी बंद असायचा, कारण शनिवार आमचा विसाव्याचा दिवस. म्हणून कोकणात आम्हाला शनिवार तेली म्हणत. वडील मुंबईत वाढले, रेल्वेच्या पार्सल ऑफिसात लागले, आणि बदली होत होत भंडारा रोड स्टेशनवर, म्हणजे वरठीला आले. मी वरठीच्या रेल्वे क्वार्टरात वाढले, मले-तुले करत. आई मी कॉलेजात असताना गेली. जिल्हा फुटून गोंदिया वेगळा झाला तेव्हा मी बी.एड. करत होते. तोवर आमच्या घरातले बाकी सगळे एकेक करून इस्रायलला निघून गेले होते. वडील गेले नाहीत. ते म्हणायचे, "इथं आपल्याला कधी त्रास झाला नाही."

नवा शेजारी आला, कुणी आडनावावरून चौकशी केली, की वडील हे वाक्य चहाबरोबर पुढं करायचे. मलाही ते पाठ होतं. आणि ते खोटं नाही. आम्हाला इथं कुणी मारलं नाही, विहिरीवरून हाकललं नाही. या जिल्ह्यात कुणाकुणाला काय सोसावं लागलं ते मला ठाऊक आहे. माझं दुःख मी त्यांच्या रांगेत पुढं नेऊन उभं करणार नाही.

पण मग मी भीत कशाला होते?

शाळेच्या गावात खोली बघायला गेले तेव्हा घरमालकानं आधी जात विचारली, मग नाव. मी कोकणापासून सगळं सांगितलं. त्यानं त्यातला तेली तेवढा उचलला. तो स्वतः तेली. गल्लीभर सांगून आला की मॅडम आपल्यातल्याच आहेत, कोकणाकडच्या. मी दुरुस्त केलं नाही. दोन वर्षं त्याच्या बायकोनं पाठवलेली भाजी गुमान खाल्ली. बाबूजींनी माझा फॉर्म वाचला, आणि आठवड्याभरात भाजी बंद झाली. गुडघे दुखतात म्हणाली. दुखतही असतील. मला मात्र तेव्हापासून तिच्या गुडघ्यांचाही संशय यायचा.

बाबूजी उलट गोड झाले. एकदा माझ्या वर्गाच्या दारात येऊन मुलांना सांगायला लागले की मॅडमचे लोक लय हुशार, साऱ्या दुनियेचा पैसा त्यांच्याच हातात. माझ्या हातात खडू होता. दुसऱ्यांदा व्हरांड्यात थांबवून म्हणाले, तुमच्या देशानं मुसलमानांना बरोबर सरळ केलं. माझा देश म्हणे. माझा जन्म भंडाऱ्याच्या सरकारी दवाखान्यातला. आमच्या शाळेत मुसलमान एकच, प्रयोगशाळेतले रहीमचाचा. ते तेव्हा शेजारीच बसून बाटल्या पुसत होते. त्यांनी मान वर केली नाही, पुसलेलीच बाटली परत पुसली. मला तोंड लपवावंसं वाटलं. ज्या तोंडानं मेलेल्यांवर आरोप झाला, त्याच तोंडानं माझी तारीफ होत होती. त्या तारिफेत माझा उपयोग कशासाठी होता, ते बाटली पुसणाऱ्या हातांकडे बघून कळत होतं. टोमणा मारणाऱ्यापेक्षा तारीफ करणाऱ्याला मी जास्त भ्यायला लागले.

मग एके दिवशी हेडमास्तरांनी हळूच विचारलं, "तुम्ही घरी मेलेल्या मानसायसाठी काई करता म्हणे? मंत्र-बिंत्र?"

ही गोष्ट मी शाळेत एकाच माणसाला सांगितली होती.

ती गोष्ट अशी. वडील लहान असताना मुंबईत त्यांच्या चाळीत वरच्या मजल्यावर एक डॉक्टर राहायचा. जर्मनीतून जीव घेऊन पळून आलेला, आमच्यासारखाच ज्यू. त्यानं वडिलांना टायफॉइडमधून वाचवलं. त्याच्या बहिणीची, रोझाची, पत्रं यायची. एका पावसाळ्यानंतर ती यायची थांबली. लढाई संपल्यावर त्याला कळलं की बहीण, मेहुणा, त्यांची मुलं, म्हातारी आई, सात माणसं, कुणीच उरलं नाही. कोणत्या दिवशी मेले ते कळायची सोय नव्हती. आमच्यात ज्याच्या मरणाचा दिवस ठाऊक नाही, त्याच्यासाठी थंडीतला एक उपासाचा दिवस धरतात. डॉक्टर त्या दिवशी दिवा लावायचा. त्याला मूलबाळ नव्हतं. मरायच्या आधी त्यानं ती सात नावं एका कागदावर लिहून माझ्या वडिलांकडे दिली. तेव्हापासून वडील दर थंडीत उपास धरतात, दिवेलागणीला काचेच्या पेल्यात पाणी, वर खोबरेल तेल आणि वात, असा दिवा लावतात आणि ती सात नावं म्हणतात. मेलेल्यांसाठीची आमची खरी प्रार्थना म्हणायला दहा ज्यू पुरुष लागतात. सगळ्या भंडारा जिल्ह्यात तेव्हा एकच होता. म्हणून नुसती नावं.

हे मी मेश्राम सरांना सांगितलं होतं. ते गणित-विज्ञान शिकवायचे. छप्पन साली त्यांच्या आजोबांनी धम्म घेतलेला. डबा खाताना माझ्याशी सरळ बोलणारा तेवढा एकच माणूस. त्यांनी ऐकून फक्त विचारलं होतं, "सातही नावं पाठ हायेत तुम्हाले?" मी हो म्हटलं होतं.

आता मला वाटलं, हाच फुटला. अध्यक्षांपुढं चांगलं दिसायला माझं घर विकलं. मी डबा एकटीनं खायला लागले. ते समोरून आले की मी वही उघडायची. महिनाभर मी त्या माणसाकडे चोराकडे बघावं तसं बघितलं. त्यांनीही एकदा विचारून बघितलं, मग विचारायचं सोडलं.

त्याच महिन्यात बाबूजींच्या अमृतमहोत्सवी सत्काराचं ठरलं. शाळेच्या मैदानात मंडप, तालुक्यातले पुढारी, शाल, श्रीफळ आणि मानपत्र. मानपत्र लिहायचं माझ्याकडे आलं. मी मराठीची, आणि माझ्या अक्षराला सगळा तालुका नावाजायचा. हेडमास्तरांनी मुद्द्यांचा कागद दिला. दानशूर, विद्याप्रेमी, गोरगरिबांचे कैवारी, सगळं नेहमीचं. खाली एक ओळ होती, तिला लाल पेनानं दोनदा अधोरेखित केलेलं. तालुक्यात लोक बाबूजींना शिस्तीपायी एका नावानं ओळखतात, बाबूजींना ते नाव आवडतं, ते मानपत्रात यायलाच हवं.

ते नाव जर्मनीच्या त्या माणसाचं. मी ते इथं लिहिणार नाही. तुम्हाला कळलं आहे. आपल्याकडे कडक मास्तरला, तापट सासऱ्याला, पोरांना झोडपणाऱ्या पीटीच्या सरांना लोक हसत हसत हे नाव देतात, आणि तो माणूसही मिशीतल्या मिशीत खूश होतो. बाबूजींसमोर लोक ते नाव घ्यायचे तेव्हा त्यांची छाती फुगायची. मी लहानपणापासून हे ऐकत आले होते. कधी तोंड उघडलं नव्हतं.

मी हेडमास्तरांच्या केबिनमध्ये गेले. म्हटलं, बाकी सगळं लिहिते, ही एक ओळ नको. ते म्हणाले, लोक प्रेमानं म्हणतात, तुम्ही कायले मनावर घेता. मी म्हटलं, दुसऱ्या कुणाकडून लिहून घ्या मग. त्यावर त्यांनी दार लोटलं आणि आवाज खाली आणला.

"बाबूजीनंच सांगतलं हाय. मॅडमच लिहिन अन् मॅडमच वाचन."

म्हणजे मुद्दाम? बाबूजींना गंमत करायची होती का? माझ्याच तोंडून ते नाव वदवून घ्यायचं होतं का? की खरंच अक्षर आवडतं म्हणून? मला आजही सांगता येणार नाही. माझा संशय आहे, आणि तो मी सोडलेला नाही.

हेडमास्तरांनी कपाटातून माझी फाइल काढून टेबलावर ठेवली. प्रस्ताव तयार आहे, बाबूजींची सही राहिली आहे, एवढंच म्हणाले. फाइल उघडीच होती. वर माझा मागच्या वर्षीचा रजेचा अर्ज टाचलेला होता. कारण: मृतांच्या स्मरणाचा धार्मिक दिवस. दिवा, उपास, सगळं मी स्वतःच दोन ओळींत लिहिलं होतं, माझ्या वळणदार अक्षरात. हेडमास्तरांनी तिथंच माझं गुपित वाचलं होतं. मेश्राम सरांनी कुणालाही काही सांगितलं नव्हतं.

मी सरळ त्यांच्याकडे गेले आणि सगळं सांगितलं. तुमच्यावर संशय घेतला, चुकलं माझं. ते प्रयोगशाळेच्या पायरीवर बसले होते. रागावले असते तर बरं झालं असतं. रागावले नाहीत. म्हणाले, आम्हाला सवय आहे, चोरी झाली की पहिले आमच्याकडे बघतात. ते मला फार लागलं. लागायलाच हवं होतं. मग मी मानपत्राचं सांगितलं.

"माझ्या बापाले बाबूजीच्या आंगनाच्या भायेर बसवत," ते म्हणाले. "मले आत बसवते, चाय देते अन् म्हणते, आता कुठं राहिली जात. अन् मी मुंडी हालवतो. बाबूजीचा नाही येत मले तेवढा, त्या मुंडीचा राग येते."

मी विचारलं, मग मी काय करू?

"ते मी नाही सांगनार. नोकरी तुमची हाय. उद्या घरी बसान तं माझं सांगनं कामी नाही येनार."

मी लिहिलं. ती ओळसुद्धा. रविवारी वरठीला वडिलांकडे गेले होते, त्यांच्या टेबलावर जाड कागद पसरला आणि सोनेरी शाईनं लिहीत गेले. त्या वर्षी थंडीतला तो उपास नेमका त्याच रविवारी आला होता. वडील पहाटेपासून उपाशी होते. मीही होते. उपाशीपोटी, डॉक्टरच्या माणसांच्या दिवशी, त्यांच्या खुन्याचं नाव मी वळण सांभाळून काढलं. वेलांटी जरा वाकडी आली तर ब्लेडनं खरवडून सरळ केली. एवढी मी मेहनत घेतली.

वडिलांनी चष्मा लावून सगळं वाचलं. त्या ओळीवर थांबले. मी वाट बघत होते. ओरडतील, फाडतील, काहीतरी करतील.

"अक्षर छान आलंय," ते म्हणाले. मग चष्मा काढून म्हणाले, "वाचून टाक, बाय. कायम होशील. इथं आपल्याला कधी त्रास झाला नाही."

दिवेलागणीला ते उठले. पेल्यात पाणी घातलं, तेल घातलं. मग नेहमीसारखी रस्त्याकडची खिडकी लावली, कडी घातली, पडदा सारखा केला, आणि मग दिवा लावला. हे मी पंचवीस वर्षं बघत होते. कधी दिसलं नव्हतं. त्या दिवशी दिसलं.

"बाबा, खिडकी का लावता?"

"वाऱ्यानं दिवा जातो."

"वारा कुठाय?"

त्यांनी पडदा परत सारखा केला. "कुणी विचारलं तर सांगत बसावं लागतं, बाय."

"पण इथं आपल्याला कधी त्रास झाला नाही, म्हणता ना."

"खिडकी लावतो, म्हणून नाही झाला."

मग त्यांनी नावं म्हटली. ओठांतल्या ओठांत. शेजारच्या बाजेवर कुणी बसलं असेल तर ऐकू जाऊ नये इतक्या हळू. रोझा, मग तिचा नवरा, मग मुलं. सातवं नाव तर मलाही ऐकू आलं नाही. सत्तरीचा माणूस, पेन्शनीत आलेला, स्वतःच्या घरात, मेलेल्यांची नावं चोरून घेत होता. आणि ज्यानं त्यांना मारलं त्याचं नाव टेबलावर सोन्यानं लिहून वाळत पडलं होतं. ते परवा माइकवरून तालुक्याला ऐकवायचं होतं.

मला वडिलांचा भयंकर राग आला. मग कीव आली. मग कळलं की मी त्यांचीच मुलगी आहे. तेल्याच्या घरची म्हणून भाजी खाणारी. बोंडा संपवणारी. त्रास झाला नाही याचं कारण आम्ही कधी पूर्ण दिसलोच नव्हतो. जेवढे दिसलो, तेवढ्यावर लगेच बोट आलं होतं.

सत्काराच्या दिवशी मैदान भरलं होतं. धानाची कापणी-चुरणी आटोपलेली, माणसं मोकळी. बाबूजी फेटा बांधून मधल्या खुर्चीत. मानपत्र काचेच्या फ्रेममध्ये बसवून आणलेलं. माझं नाव पुकारलं. मी माइकसमोर गेले, फ्रेम हातात घेतली आणि वाचायला लागले. आवाज चांगला लागला होता. दानशूर. टाळ्या. विद्याप्रेमी. टाळ्या. मला शेवटपर्यंत वाटत होतं की मी वाचून टाकीन. खरंच सांगते. कायमची ऑर्डर मला डोळ्यांपुढं दिसत होती.

ती ओळ आली आणि जीभ हलेना.

मैदान थांबलं. हेडमास्तर मागून हळूच म्हणाले, मॅडम, पुढं. लाइट गेली की काय म्हणून एकानं माइकवर टिचकी मारून बघितलं. लाइट होती.

"इथं एक ओळ आहे," मी म्हटलं. "माझ्याच हातानं लिहिलेली आहे. ती मी वाचणार नाही. यात ज्याचं नाव आहे त्यानं माझ्या लोकांना मारलं. पोरांना मारलं, म्हाताऱ्यांना मारलं. त्यांनी कुणाचं काही केलेलं नव्हतं. बाबूजी, तुम्ही स्टाफरूममध्ये म्हणाला होता, काहीतरी केलंच असेल. काही केलं नव्हतं."

बस्स, एवढंच. फ्रेम टेबलावर ठेवून मी पायऱ्या उतरले. कुणी ओरडलं नाही. कुणी टाळी वाजवली नाही. सिनेमात होतं तसं काही झालं नाही. बाबूजींनी माइक मागून घेतला आणि हसून म्हणाले, मॅडम जरा भावनिक झाल्या, लेडीज मानूस होय. मैदान हसलं. मग त्यांनी इतिहासाच्या सरांना बोलावलं. सरांनी फ्रेम उचलली आणि ती ओळ वाचली, खणखणीत आवाजात. तिला सगळ्यात जास्त टाळ्या पडल्या. मेश्राम सर दुसऱ्या रांगेत होते. ते उभे राहिले नाहीत. त्यांनी टाळी वाजवली नाही, आणि मुंडी हलवली नाही. मी त्यांच्याकडून याहून जास्त मागत नाही.

तिसऱ्या दिवशी कारणे दाखवा नोटीस आली. चौथ्या दिवशी हेडमास्तर स्वतः माझ्या खोलीवर आले, माफीनामा टाइप करूनच आणला होता. भावनेच्या भरात माझ्याकडून अनुचित वर्तन घडले, मी दिलगीर आहे. ते वाईट माणूस नव्हते. पोटतिडकीनं म्हणाले, "तुमच्या भल्याचं सांगून राहिलो. एका सहीचा सवाल हाय. बाबूजी मनानं मोठे हायेत. प्रस्ताव उद्याच जाते."

मोठ्या मनाच्या माणसाला माझी सही कशाला हवी होती? माझ्या दुःखाला भावनेचा भर म्हणायचं, आणि ते माझ्याच सहीनं फायलीत लावायचं. उद्या कुणी विचारलं तर दाखवायला कागद. मी त्यांना चहा दिला आणि कागद तसाच परत दिला. नोटिशीला उत्तर मी हातानं लिहिलं. सदर ओळ मी लिहिली, ही माझी चूक आहे आणि ती मला मान्य आहे. सदर ओळ वाचली नाही, ही चूक नाही. मी दिलगीर नाही.

प्रस्ताव गेला नाही. तीन वर्षं भरली आणि सेवा समाधानकारक नसल्याचा एक कागद देऊन मला मोकळं केलं. मावशी तिकडून फोनवर म्हणाली, ये इकडे, तिथं आता तुझं काय आहे. मी गेले नाही. वरठीला घरीच शिकवणी घेते, स्टील प्लांटातल्या कामगारांची मुलं येतात, नववी-दहावीची. इतिहासात दुसरं महायुद्ध येतं. पुस्तकात त्या मेलेल्यांवर दोन-चार वाक्यं आहेत. मी तास घेते. सात माणसांपासून सुरू करते. एकदा एक बाप मोटरसायकल लावून भांडायला आला की परीक्षेत एवढं येत नाही, पोराचं डोकं कायले खराब करता. मी म्हटलं, दुसरीकडे घाला पोराला. त्यानं घातलं. दुसरे येतात.

पण ते मानपत्र अजून तिथं आहे. संस्थेच्या ऑफिसात, अध्यक्षांच्या खुर्चीमागं, काचेत. माझ्या अक्षरात. बाबूजी वारले, खुर्चीवर आता त्यांचा मुलगा बसतो. जो येतो तो ती ओळ वाचतो आणि अक्षराचं कौतुक करतो म्हणे. नोकरी गेल्याचं मला आता फारसं वाटत नाही. त्या ओळीचं वाटतं. बाबूजींना ती हवी होती, हेडमास्तरांनी ती मागितली, पण कागदावर ती मीच काढली आहे.

म्हणून दर वर्षी थंडीत मी बसनं त्या गावी जाते. टपालानं पाठवत नाही, पाकीट उघडत नाहीत. हातात अर्ज असतो. सदर मानपत्र माझ्या हस्ताक्षरात आहे, त्यातली ती ओळ मी परत घेत आहे, ती खोडावी नाहीतर मानपत्र उतरवावं. क्लार्क पोच द्यायला टाळाटाळ करतो. मी पोच घेतल्याशिवाय हलत नाही. खुर्ची देत नाहीत, म्हणून उभी राहते. मागच्या वेळी नव्या अध्यक्षांनी आतून विचारलं, "कितीक वर्सं येसान, मॅडम?"

मी सांगितलं, ती उतरेपर्यंत. माफी मागून नोकरी टिकली असती, ती मला नको होती. आता ही फ्रेम हवी आहे. त्यांनी उतरवली तर बरं. नाही उतरवली, तर पुढच्या थंडीत मी परत त्या टेबलासमोर उभी असेन, आणि त्याच्या पुढच्या थंडीतही.